रोहीचं वजन, रोहीचं वय आणि आमचा दवाखाना

आमच्या दवाखान्यात केस-रजिस्टर आहे. मालकाचं नाव, गाव, जनावर, आजार, औषध, सगळ्याला रकाने आहेत. फक्त किस्स्याला रकाना नाही! मग ते साचत जातात. अर्धे चहाच्या टपरीवर, अर्धे माझ्या डोक्यात. लग्नाकार्याला धुळ्याला माहेरी गेले की नातेवाईक विचारतात, "काय गं, बिबट्या बघितलास का?" बिबट्याचं काय घेऊन बसलात! माझ्या नोकरीतले सगळे भारी किस्से एकाच प्राण्याने दिलेत. त्याचं नाव रोही. पुस्तकातली नीलगाय.

मी पारोळा-एरंडोल पट्ट्यातली गुरांची डॉक्टर. माझ्याबरोबर दवाखान्यात नाना. हुद्द्याने परिचर, अनुभवाने माझे गुरू. आणि रानातलं काही असलं की येतात ते वनखात्याचे सोनवणे भाऊ. त्यांना रोहीचा एवढा अभिमान, जणू घरचीच सोयरीक!

*

नोकरीचा पहिलाच महिना. सकाळी फोन वाजला.

"म्हॅडम, शेततळामा गाय पडी गयी!"

"कोणाची गाय?"

"कोनीबी नही."

"बरं. रंग काय?"

"निया."

निया म्हणजे निळा, हे धुळ्याच्या मुलीला सांगावं लागत नाही. पण निळी गाय? सकाळी साडेदहा वाजता? मी नानांना म्हटलं, "नाना, हा माणूस शुद्धीत नाही." नानांनी नेहमीपेक्षा दुप्पट जाड दोर गाडीत टाकला.

शेततळं म्हणजे प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला मोठा हौद. आत उतरणं सोपं, बाहेर येणं अशक्य, कारण कागदावरून पाय घसरतो. तिथे जाऊन बघते तर काय! घोड्यासारखी मान, पाठीला उतार, गळ्यावर पांढरा पट्टा, त्याखाली केसांचा झुपका, डोक्यावर वीतभर शिंगं आणि अंगावर खरोखरच राखाडी-निळी झाक. उंची माझ्या खांद्याएवढी! मी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या जवळून बघत होते. कॉलेजात शिकलेलं सगळं पुसलं गेलं. मी रजिस्टर उघडलं आणि जनावराच्या रकान्यात भक्तिभावाने लिहिलं, 'गाय'.

नानांनी वाकून वाचलं.

"म्हॅडम, हाई गाय नही शे. हाऊ तर दाढीवाला नवरदेव शे!"

*

त्याच नवरदेवाची पुढची गोष्ट. मोटर लावून तळ्यातलं पाणी गुडघ्याएवढं केलं. सोनवणे भाऊ भुलीची बंदूक घेऊन आले. आता सगळं माझ्यावर. भूल द्यायची ती वजनाच्या हिशोबाने. कमी पडली तर तो लाथांनी दोघांना आडवं करणार, जास्त झाली तर तो परत उठणारच नाही. पुस्तक म्हणतं, मोठा नर दोन ते अडीच क्विंटल. अहो, पण हा कितीचा?

काठावर शंभर माणसं जमलेली. मी विचारलं आणि लिलावच सुरू झाला! "पाच क्विंटल!" "बैलाएवढा दिसतोय, चार धरा!" "छे, नुसती हाडं आहेत, एक!"

सोनवणे भाऊ ओरडले, "अरे, काळवीट असतं पस्तीस-चाळीस किलोचं. त्याच कुळातला हा सगळ्यात थोरला. एशियात याच्याएवढा दुसरा नाही!" माहिती बरोबर होती, पण माझ्या सिरिंजला तिचा उपयोग नव्हता.

तेवढ्यात मागून एक वाळकेसे म्हातारबाबा पुढे आले. पारोळ्याच्या मार्केट यार्डात जन्मभर हमाली केलेले. एक डोळा मिटून त्यांनी रोहीकडे बघितलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं आणि म्हणाले, "दोन क्विंटल वीस किलो."

"बाबा, कशावरून?"

"चाळीस वरीस पाठवर पोतं वाहेल शे, बाई. तोल मना डोयामा शे."

का कोण जाणे, पण मला पटलं. मी दोनशे वीस किलोचा डोस भरला. सोनवणे भाऊंनी बार काढला. आठ मिनिटं. दहा मिनिटं. बारा! रोही हळूहळू गुडघ्यांवर आला. चौघांनी उड्या मारून त्याचं डोकं पाण्यावर धरलं, बाकीच्यांनी ओढून वर काढला. वनखात्याच्या पिकअपमध्ये घालून आम्ही निघालो. वाटेत एका कापसाच्या जिनिंगचा वजनकाटा लागला. माझ्याने राहवेना! गाडी काट्यावर घेतली. रोहीला रानात सोडून, तो उठून धूम पळालेला डोळ्यांनी बघून, परत येताना रिकामी गाडीही तोलली. फरक किती? दोनशे तीस किलो!

हमालबाबा अजून शेतातच बसले होते. मी आनंदाने सांगितलं, "बाबा, जवळजवळ बरोबर! फक्त दहा किलो चुकलात."

बाबांचा चेहरा पडला. जन्मात पहिल्यांदा कुणी त्यांना चुकलात म्हटलं असावं. मग एकदम त्यांचे डोळे लकाकले.

"पानीमाथून काढेल शे ना? ओला माल शे, बाई! वजनमाथून धा किलोनी कट्टी कापा!"

*

एरंडोलच्या एका शाळेत सोनवणे भाऊंचं आणि माझं भाषण होतं. भाऊंनी भला मोठा तक्ता आणला होता. खाली उंदीर, मग ससा, कुत्रा, शेळी, रोही, बैल, घोडा, सगळ्यात वर हत्ती. प्रत्येकासमोर आयुष्य. उंदीर दोन वर्षं. कुत्रा बारा-तेरा. रोही रानात दहा-बारा, प्राणिसंग्रहालयात नीट खाऊ-पिऊ घातलं तर वीसपर्यंत. घोडा पंचवीस-तीस. हत्ती साठ-सत्तर.

भाऊ रंगात आले. "मुलांनो, साधारण नियम लक्षात ठेवा. जेवढं अंग मोठं, तेवढं आयुष्य जास्त!"

मी हळूच म्हटलं, "भाऊ, वटवाघूळ मूठभर असून वीस-वीस वर्षं जगतं. आणि माणूस घोड्यापेक्षा हलका असून घोड्याच्या तिप्पट जगतो. अपवाद सांगा."

भाऊ सांगणार, तेवढ्यात पाचवीतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, माझे बाबा एकशे पाच किलोचे आहेत. आई रोज म्हणते, वजन कमी करा, नाहीतर लवकर जाल. पण तुमच्या तक्त्यात जेवढा मोठा तेवढा जास्त जगतो. मग आईचं खरं का तुमचं?"

सगळी शाळा वळून स्टेजकडे बघायला लागली. मला कळेना, का बघतायत. मग मीही बघितलं. स्टेजवर मधल्या खुर्चीत मुख्याध्यापक बसले होते. हातात दुसरा पेढा. खुर्ची दिसत नव्हती, फक्त सर दिसत होते.

सर शांतपणे उभे राहिले. "बेटा, या बाबतीत वनखात्याचं खरं!"

आणि पेढा तोंडात टाकून खाली बसले.

*

माझ्या बहिणीचे सासरे, तात्या, वरणगावकडे केळी लावतात. रोहीची बातमी कुठेही छापून आली की त्यांचा मला फोन.

"मी काय म्हंतो, डॉक्टरीणबाई, हे जनावर बैलापरीस उचं हाये ना?"

"उंचीला बरोबरीचं, तात्या. वजनाला निम्मं."

"घोड्यावानी पयते?"

"पळतं."

"शेन बी देते?"

"रोज एकाच जागी येऊन टाकतं. मोठा ढीग होतो."

"मंग त्याले वखराले जुपता येईन का?"

मी म्हटलं, "तात्या, आधी पकडून तर दाखवा!"

मग तात्या जरा दुखावून म्हणाले, "पकडासाठीच तं तुले फोन केला!"

*

एकदा सोनवणे भाऊंच्या वरच्या साहेबांना हुक्की आली. रोहीची उंची मोजून पाठवा! आता जिवंत रोहीला टेप कोण लावणार? पण भाऊ हुशार. एका गावाबाहेर पाणवठ्याशी त्यांनी लाकडी खांब रोवला, त्यावर अर्ध्या-अर्ध्या फुटाला पांढरे पट्टे रंगवले आणि समोरच्या बाभळीवर आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला. रोही पाण्यावर येईल, खांबाजवळून जाईल, उंची आपोआप मिळेल. मी मनापासून टाळ्या वाजवल्या. आठवडाभर आम्ही दोघांनी परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तशी वाट बघितली.

कॅमेरा उघडला. पहिल्या फोटोत शेळी. सव्वादोन फूट. दुसऱ्यात कुत्रं. तिसऱ्यात खांबाला पाठ टेकून, छाती काढून, टाचा जुळवून उभा असलेला माणूस! चौथ्यात त्याची बायको. पाचव्यात त्यांचा सगळा परिवार, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. सहाव्यात भजनी मंडळ. बठ्ठं, म्हणजे अख्खं गाव येऊन उंची मोजून गेलं होतं! रोही फक्त एका फोटोत. तोही खांबापासून लांब उभा राहून बघत होता, ही गर्दी कधी हटते म्हणून.

भाऊ भडकून सरपंचांकडे गेले. सरपंचांनी पाणी दिलं, चहा दिला आणि अदबीने विचारलं, "साहेब, ते फोटो मिळतील का? आमच्या पुतण्याचा बायोडाटा करायचाय. उंची पाच फूट सात इंच, वनखात्याने मोजलेली, असं लिहिलं म्हणजे मुलीकडचे शंका घेत नाहीत!"

*

हा किस्सा सांगताना मात्र मी दर वेळी थोडी थांबते.

पारोळ्याच्या अलीकडे हमरस्त्यावर एक रोहीची मादी गाडीखाली गेली. तिचं पिल्लू कपाशीत राहिलं. शेळ्या चारणाऱ्या एका अक्काला ते सापडलं. कोकराएवढं, सहा-सात किलोचं. तिने ते आपल्या चांदी नावाच्या शेळीला लावलं आणि चांदीने घेतलं! आम्हाला पत्ताच नाही. कळलं तेव्हा पिल्लू सात महिन्यांचं झालेलं.

आम्ही गेलो. जे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही. आई तीस किलोची आणि लेकरू साठीला टेकलेलं! ते शेळीच्या पोटाखाली मावेना. मग चांदी टुणकन दगडी ओट्यावर चढायची आणि ते खाली पुढचे गुडघे टेकून तोंड वर करायचं. मी आणि नाना बघतच राहिलो. नानांनी टोपी काढली.

पण कायदा कायदा आहे. रानातलं जनावर घरी ठेवता येत नाही. सोनवणे भाऊंनी अक्काला समजावलं. रोहीचा कळप समोरच्या टेकडीवर असतो, त्यात ते मिसळेल, मोठं होईल. आणखी वर्षभराने ते तुमच्या झोपडीचं दार पाडेल, अक्का! अक्का स्वतः पुढे चालत टेकडीपर्यंत आली, मागे चांदी, चांदीमागे ते. कळप दिसला. पिल्लू थबकलं, कान टवकारले, चार पावलं गेलं, परत वळून बघितलं. अक्काने पदर डोळ्यांना लावला आणि चांदीचं तोंड दुसरीकडे फिरवलं. मग ते गेलं.

आम्ही परत फिरलो. अक्काने एकदम विचारलं, "साहेब, ते सोताहून परत इनं, तर हाकली देवानं आसं कायदामा लिखेल शे का?"

सोनवणे भाऊंनी एकदा टेकडीकडे वळून बघितलं. मग म्हणाले, "नाही, अक्का. तसं कुठे लिहिलेलं नाही."

"मंग चालस!" अक्का म्हणाली आणि घरी पोचल्यावर तिने पहिलं काम काय केलं? ओटा झाडून घेतला.

*

एक आबा होते, ऐंशीच्या पुढचे. दर हंगामात तक्रार घेऊन यायचे. "हाऊ एकच रोही शे. पंचवीस वरीसपाईन मनी बाजरी खाई ऱ्हायना!"

सोनवणे भाऊ म्हणायचे, "आबा, रोही रानात दहा-बारा वर्षं जगतो. पंचवीस शक्य नाही."

"मंग हाऊ कोन शे? मना व्याही?"

आबांचं म्हणणं, मी त्याला ओळखतो. तीच वाट, तीच वेळ, बांधावर तीच शेणाची जागा. रोज काठी घेऊन त्याला नावाने शिव्या देतो, तोही ऐकून घेतो. शेवटी आम्ही त्यांच्या बांधावर गेलो. रोही उभाच होता! मी दुर्बिणीतून नीट बघितलं. तरणाबांड नर, चार-पाच वर्षांचा, अंगावर निळा रंग नुकता चढत होता. आबांना दुर्बीण दिली. भाऊंनी समजावलं, "आबा, जागा तीच राहते, जनावर बदलतं. पहिला गेला, त्याच्या जागी दुसरा आला. हा तिसरा असेल."

आबांनी दुर्बीण खाली केली. मला वाटलं, म्हाताऱ्याला वाईट वाटलं. इतक्या वर्षांचा वैरी कधीच मेला, हे ऐकून कुणालाही वाटेल.

मग आबा हळूच म्हणाले, "म्हंजे, आजाले देयेल शिव्या नातू खाई ऱ्हायना!"

त्या दिवसापासून त्यांनी शिव्या बंद केल्या. नुसती काठी आपटायचे.

*

आणि आता पद्मालयाच्या बाजूची ती दुपार.

कोरड्या विहिरीत रोहीची मादी पडली होती. विहीर रुंद, फार खोल नाही, कच्च्या मातीची. एका बाजूला आत शिरलेली कपार. मादी त्या कपारीच्या तोंडाशी आमच्याकडे तोंड करून उभी. नाकपुड्या फुगलेल्या. सोनवणे भाऊंनी जेसीबी बोलावून एका बाजूने माती कापली, वर यायला छान उतरती वाट केली. खालची माती ओलसर, ताजी. सगळी तयारी झाली. आता तिने फक्त चालत यायचं!

ती हलेना.

एक तास गेला. दीड तास. माणसं दोनशेच्या वर, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. कुणी शिट्टी मारतंय, कुणी खडे टाकतंय. एक जण दोर घेऊन दोन पावलं उतरला, तर ती अशी अंगावर आली की तो दोर टाकून वर पळाला. आणि ती पुन्हा मागे जाऊन कपारीच्या तोंडाशी उभी! मला नवल वाटलं. रोही एवढा मोठा, पण भित्रा. वाट दिसली की पळणारा. ही का लढतेय?

वरून माती सुटायला लागली होती. जेसीबीच्या हादऱ्याने कडेला भेगा पडल्या होत्या. गर्दीतून ओरडा सुरू झाला, "इंजेक्शन मारा! इंजेक्शन मारा!" भाऊंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वरून सारखे फोन येत होते, लवकर संपवा म्हणून.

मी म्हटलं, "नाही भाऊ. सकाळपासून धापा टाकतेय. या उन्हात, या भीतीत भूल दिली तर हिचं हृदय थांबेल."

"आणि कड ढासळली तर?"

मी घामाने भिजले होते. इतकी वर्षं शिकलेली विद्या आणि एक मादी पंधरा पावलं चालत नव्हती!

शेतमालकाची सून रंजना पाण्याची कळशी घेऊन आली होती. तिने मला तांब्या दिला, विहिरीकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हॅडम, चारशे डोया आंगवर ऱ्हायनात तर मी बी जागावरथून हालाव नही. बठ्ठासले सांगा, पाठ फिरवा."

मी भाऊंकडे बघितलं. भाऊंनी नानांकडे. नाना म्हणाले, "पोर खरं बोली ऱ्हायनी."

मग आम्ही ते केलं! जेसीबी बंद. सगळे पन्नास पावलं मागे. भाऊंनी हात जोडून सांगितलं, "पाठ फिरवा. कोणी वळायचं नाही. कोणी बोलायचं नाही." दोनशे माणसं कपाशीकडे तोंड करून उभी राहिली, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. एका पठ्ठ्याने सेल्फीचा कॅमेरा सुरू करून मागचं बघायचा प्रयत्न केला. नानांनी आपली टोपी काढून त्याच्या मोबाईलवर घातली.

वारासुद्धा थांबला होता. माझ्या शेजारी रंजना, तिचे ओठ हलत होते. पाच मिनिटं. दहा मिनिटं. माझी मान मागे वळायला नुसती तडफडत होती! मग एक खडा घरंगळला. मग खुरांचा आवाज. थांबला. परत सुरू झाला. एक जोरदार फुरफुर. वाळलेलं काहीतरी मोडलं. मग काहीच नाही.

"आता," भाऊ कुजबुजले.

आम्ही वळलो. विहीर रिकामी. लांब तुरीच्या शेंड्यांवर एक रेघ हलत गेली आणि मिटली. दोनशे मोबाईल आणि एकाकडेही फोटो नाही! लोक ओरडले, टाळ्या वाजल्या, कोणीतरी रंजनाला खांद्यावर घ्यायला निघालं, ती लाजून पळाली. भाऊंनी कागद काढला आणि लिहिलं, सुटका केलेले प्राणी, एक.

"थांबा, साहेब," नाना म्हणाले.

ते त्या उतरत्या वाटेवर उकिडवे बसले होते. आम्ही जवळ गेलो. ओल्या मातीत मोठ्या खुरांची एक ओळ वर आली होती. आणि तिच्या दोन्ही बाजूंनी, बोराएवढ्या खुरांच्या दोन ओळी.

नानांनी बोट टेकवलं.

"पडनी एक, निंघनात तीन!"